चेंडूवरचा बुटकोबा

४ फेब्रुवारी

सूनबाईने आज फोनवर बजावलंय की यंत्र जोडताना रोज नोंद ठेवायची. आज काय बदललं आणि काय झालं, एवढंच, दोन ओळी. नाहीतर म्हणे माणूस तीच चूक पुन्हा पुन्हा करतो आणि त्याला पत्ताही नसतो. म्हणून ही वही. आयुष्यात कधी रोजनिशी लिहिली नाही, आता त्रेसष्टाव्या वर्षी श्रीगणेशा.

झालं असं. सकाळी मेणाचा डबा शोधत होतो तर टेबलाखालच्या खोक्यावर पाय आपटला. चार महिन्यांपूर्वी सूनबाई घर सोडून माहेरी गेली. तेव्हा कपडे, पुस्तकं, खिडकीतल्या दोन कुंड्या, सगळं नेलं, हे एक खोकं तेवढं राहिलं. उघडलं तर आत गुडघ्याएवढा ॲल्युमिनियमचा सांगाडा, तीन मोटारी, वायरींचं जंजाळ आणि एक जडशीळ काळा रबरी चेंडू.

तिला फोन लावला. म्हणाली, "बाबा, देऊन टाका ते कुणाला तरी."

"देतो की. पण हे आहे काय, ते तर कळू दे."

मग ती वीस मिनिटं बोलली. एवढी मोकळी बोलताना तिला मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. ते चेंडूवर उभं राहणारं यंत्र आहे. खाली चेंडू, त्यावर सांगाडा, आणि सांगाड्याची तीन चाकं चेंडूला वरून टेकलेली. यंत्र ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला चाकांनी चेंडू पळवायचा, म्हणजे चेंडू पुन्हा बुडाखाली येतो. आपण तळहातावर काठी उभी धरून नाचतो ना, तसंच. फक्त हे सेकंदाला शंभर वेळा. हौशी लोकांच्या एका प्रदर्शनात ठेवायला तिने ते करायला घेतलं होतं. तिचं नाव तिथे अजून नोंदलेलं आहे, तीस मार्चला.

"मी पुरं करू?" मी विचारलं.

मग म्हणाली, "करा. पण बाबा, त्यावरून दुसरं काही..."

"मी यंत्राचंच बोलतोय."

"बरं."

यंत्राचंच बोलत होतो मी. टेबलाखालची जागा अडते, दुसरं काय?

चिरंजीव सहाला ऑफिसातून आले, जेवले, खोलीत गेले. ठीक.

७ फेब्रुवारी

सगळं जोडलं. हातात धरून चेंडूवर ठेवलं, बटण दाबलं, सोडलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंडावर आपटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा आपटलं. एकूण चौदा वेळा. चेंडू दर वेळी कपाटाखाली जाऊन बसतो आणि मला पालथं पडून तो काठीने काढावा लागतो. नाव ठेवलं, बुटकोबा.

मी एकतीस वर्षं कवळ्या बनवतोय. माप आलं की साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात. केसाएवढी चूक राहिली तरी माणसाला घास चावता येत नाही. त्यामुळे चिकाटी आहे. अक्कल सूनबाईची.

चौदाव्या आपटण्याच्या वेळी चिरंजीव दारात उभे होते. "ते कशाला काढलंत?"

"जागा अडवत होतं."

बघत राहिला जरा वेळ. मग गेला. रागावला नसावा.

१२ फेब्रुवारी

चाकं घसरतात हे कळलं. चाकांच्या काठाला छोटे छोटे रूळ आहेत, म्हणजे चाक पुढे फिरतं तसं आडवंही सरकू शकतं. पण रूळ कडक प्लास्टिकचे, चेंडूला धरतच नाहीत. फोनवर सूनबाई म्हणाली, रबर लावून बघा. सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले. जाड झाले, चाक थरथरायला लागलं.

दुपारी धुवायला टाकताना चिरंजीवांच्या पँटच्या खिशात कागदाचे चिटोरे सापडले. ४३. ६०. ३८. ५१. त्यांच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये टोकन पद्धत सुरू झालेली दिसते. चांगलं झालं, रांगेत उभं राहायला नको. डबा मात्र हल्ली निम्मा परत येतो. कँटीनचं खात असणार.

१५ फेब्रुवारी

जमलं! ज्यांच्या हिरड्या नाजूक असतात त्यांच्या कवळीला आतून मी मऊ अस्तर लावतो. रबरासारखं, पण नखाएवढं पातळ आणि एकसारखं. तेच प्रत्येक रुळाला चढवलं. छत्तीस रूळ, दोन दिवस लागले. ज्यांची कामं मी करतो त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दोन कवळ्या त्यापायी मागे पडल्या, त्यांना सांगितलं की हात दुखतोय.

बुटकोबा दोन सेकंद उभा राहिला! पूर्ण दोन. मी घड्याळ लावून मोजले.

लगेच सूनबाईला फोन केला तर उचलला विहीणबाईंनी. "बोला," म्हणाल्या. त्यांचं 'बोला' म्हणजे 'ठेवा'.

मी म्हटलं, "बुटकोबा उभा राहिला, एवढंच सांगा तिला."

"कोण?"

"बुटकोबा."

पलीकडे दातखीळ बसल्यासारखी शांतता. शेवटी म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम," म्हटलं.

१९ फेब्रुवारी

कवळ्या द्यायला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलो. या माझ्या अर्ध्या वयाच्या, दात काढताना गाणं गुणगुणतात. आठवड्यातून तीन दिवस त्या मोठ्या इस्पितळातही बसतात. माप बघता बघता म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे कुणाची तब्येत बरी नाही का?"

"नाही बुवा. का?"

"तुमचा मुलगा दिसतो इस्पितळात. बाहेरच्या हॉलमध्ये. मागच्या आठवड्यात दोनदा, आज पुन्हा. मी हात केला, त्याचं लक्ष नव्हतं."

मी हसलोच. म्हटलं, "तो त्या वेळी ऑफिसात असतो. दुसराच कुणीतरी असेल. त्याच्यासारखी उंच पोरं पैशाला पासरी."

त्या पण "असेल" म्हणाल्या.

बुटकोबा चार सेकंदांवर. नेहमी खिडकीच्या बाजूलाच पडतो. का ते कळत नाही.

२४ फेब्रुवारी

आज सूनबाई आली! चार महिन्यांनी तिने या घरात पाय ठेवला. दुपारची वेळ तिनेच ठरवली, चिरंजीव ऑफिसात असतील अशी. मी घर झाडून घेतलं, टेबल पुसलं.

तिने सांगाडा हातात घेतला, रुळांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, हे तुम्ही कवळीच्या अस्तराने केलंत? कमाल आहे तुमची." मला भरून आलं. मग खिडकीकडे पडण्याचं विचारलं. तोल ओळखणारा कानाएवढा तुकडा मी टेबलावर अगदी ओळंब्यात बसवलेला. तिने पाणपातळी मागितली आणि ती सांगाड्यावर न ठेवता टेबलावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला!

"बाबा, तुमचं टेबलच कललंय."

एकतीस वर्षं मी त्या टेबलावर सरळ आणि वाकडं ठरवतोय. दोघंही पोट धरधरून हसलो.

मग तिने तीन आकडे समजावले, ज्यांच्यावर सगळा खेळ आहे. पहिला, किती जोरात सावरायचं. दुसरा, सावरताना किती दमानं घ्यायचं. तिसरा, मागची चूक किती लक्षात ठेवायची. ती आकडे बदलत गेली, मी यंत्र धरत-सोडत गेलो. संध्याकाळ होता होता बुटकोबा वीस सेकंद उभा. थरथरत, पण उभा.

जाताना ती बाहेरच्या खोलीत थबकली. खुर्चीवर इस्त्री केलेल्या शर्टांची चळत होती. वरच्या शर्टावरून तिने हात फिरवला. "हे किती दिवसांचे आहेत?"

"असतील बरेच. मी इस्त्री करून ठेवतो, तो लागेल तसे घेतो."

"धूळ बसलीय, बाबा."

"आमच्या साहेबांना हल्ली टी-शर्ट आवडतात," मी म्हटलं.

"ऑफिसला जातो ना तो?"

"रोज साडेआठला बाहेर पडतो. घड्याळ लावून घ्यावं."

ती चपला घालून निघाली. जिन्यात म्हणाली, "मी परत येणार नाही, बाबा. म्हणजे राहायला. हे तुम्हाला स्पष्ट माहीत असलेलं बरं." मी "हो हो" म्हटलं. पण मनात काहीच नसतं तर आली असती का? आणि शर्टावरून हात कशाला फिरवला असता?

२ मार्च

बत्तीस सेकंद. चिरंजीव सर्दीने बेजार वाटतात, डोळे लाल. विचारलं तर "काही नाही" म्हणाले. आमच्या घरात पुरुष कमीच बोलतात. मीही तसाच.

७ मार्च

जरा खोटं बोललो आणि ते अंगाशी आलं. सगळं लिहितो.

सूनबाईला सांगितलं, रविवारी ये, चिरंजीव मित्राकडे जाणार आहेत. ते कुठे जाणार होते! ते खोलीत होते, दार लावून. म्हटलं, दोघं समोरासमोर येतील, मध्ये यंत्र असेल, बोलायला विषय असेल. कोंडी फुटते अशी.

सुरुवात बरी झाली. बुटकोबा उभा राहिला, आम्ही दोघं श्वास रोखून मोजत होतो, चाळीस, एक्केचाळीस, तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. तो बाहेर आला. तिला बघून दचकला, पण यंत्राकडे बघत राहिला. तिघंही बघत होतो. बुटकोबा जागच्या जागी हलकेच डुलत होता. मला वाटलं, जिंकलो.

मग तिने मान वर केली. "तू किती बारीक झालायस."

"काम असतं."

"ऑफिसला जातोस ना तू?"

त्याने चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेला. दार उघडंच. बुटकोबा पडला, चेंडू गेला कपाटाखाली.

ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "तुम्ही मला खोटं सांगून बोलावलंत."

"तुम्ही दोघं एकदा समोर आलात तर..."

"तर काय? बाबा, तो वर्षभर माझ्याशी बोलत नव्हता. मी रोज विचारायचे, काय होतंय तुला. काही नाही. जेवलास का? हं. मी भिंतीशी संसार केला. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय, मी गेले की त्याला बरं वाटेल. आता मी नाहीये ना इथे? मग अजून तो तसाच का? तुम्ही विचारलंत त्याला कधी?"

मी पण तापलो. म्हटलं, "माझा मुलगा आहे तो. त्याला काय हवंय ते मला कळतं. त्याला तू हवी आहेस. तू गेलीस म्हणून ही अवस्था झाली त्याची."

ती पांढरीफटक पडली. पर्स उचलली. म्हणाली, "कोणती अवस्था, बाबा? तुमच्या मते तर तो ठीक आहे." आणि गेली.

चहा तसाच राहिला. विचारायचं काय त्यात? रोज माझ्या समोर बसून जेवतो तो.

१० मार्च

सूनबाईचा फोन नाही. मीही केला नाही. माझी चूक होती थोडी. थोडी का, बरीच.

आकडे मीच बदलतोय. दुसरा वाढवला, पहिला कमी केला. बुटकोबा एक मिनिट चाळीस सेकंद उभा राहिला आणि सांगायला कुणी नव्हतं. चिरंजीवांच्या बंद दारापाशी जाऊन मोठ्याने म्हटलं, "एक मिनिट चाळीस!" आतून काही आवाज आला नाही. झोपला असेल.

११ मार्च

वही उघडून बसलोय, पण नोंद यंत्राची नाही.

डॉक्टरीणबाईंचा निरोप होता, एका आजोबांची कवळी तातडीने हवी आहे, इस्पितळातच आणून द्या. अकराच्या सुमाराला पोचलो. त्यांच्या खोलीकडे जायला मोठा हॉल ओलांडावा लागतो. लोखंडी खुर्च्यांच्या रांगा, समोर लाल आकड्यांची पाटी, खिडकीत बसलेला माणूस नंबर पुकारतो. तिसऱ्या रांगेत मला आधी डब्याची पिशवी दिसली. निळी, मी सकाळी भरून दिलेली. मग मान दिसली. मुलाची मान बापाला पाठमोरी पण ओळखू येते.

खिडकीतून आवाज आला, "सत्तावन्न! सत्तावन्न नंबर कोण?"

कुणी उठलं नाही. मी त्याच्या मागे उभा होतो. त्याच्या हातात चिटोरा होता, त्यावर ५७. तो त्या आकड्याकडे बघत होता.

"सत्तावन्न! नाही? बरं, अठ्ठावन्न!"

अठ्ठावन्न नंबरची बाई उठून जिन्याने वर गेली. तेव्हा मला ते खिशातले चिटोरे आठवले. त्रेचाळीस. साठ. अडतीस. एक्कावन्न. मी कँटीन कँटीन म्हणत खूश होत होतो.

शेजारच्या खुर्चीत जाऊन बसलो. त्याने वळून पाहिलं. दचकला नाही, दमल्यासारखा दिसला फक्त.

"बाबा. तुम्ही इथे?"

"कवळी द्यायची होती."

"हं."

पाटीवर आकडे बदलत होते.

"तुझा नंबर होता ना आत्ता?"

"हो."

"मग?"

"उठवत नाही," तो म्हणाला.

एवढंच. पोरगं एकतीस वर्षांचं आहे, माझ्याहून हातभर उंच. उठवत नाही म्हणाला.

हळूहळू कळलं. ऑफिस सुटून सहा आठवडे झाले. आधी सुट्टी घेतली, मग ती संपली, मग त्यांचे फोन यायचे तेही बंद झाले. रोज साडेआठला निघायचं, इथे यायचं, नंबर काढायचा. वरच्या मजल्यावर मनाचे डॉक्टर बसतात, त्यांचा. नंबर पुकारला की बसून राहायचं. मग सहापर्यंत इथेच.

"घरीच का नाही थांबलास रे?"

"तुम्ही असता ना घरी."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. लोकांच्या तोंडात दात बसवण्यात माझा जन्म गेला, आणि माझं तोंड असं.

तोच म्हणाला, "इथे कुणी काही विचारत नाही. सगळेच बसलेले असतात."

मग मी विचारलं. कसं विचारायचं ते माहीत नव्हतं, सरळ विचारलं. "काय होतंय तुला?"

त्याने खूप विचार केला. "सकाळी डोळे उघडले की वाटतं, आता संध्याकाळ कधी होणार. आणि संध्याकाळ झाली तरी काही होत नाही. दोन वर्षं झाली, बाबा. ती गेली त्याच्या किती तरी आधीपासून."

डॉक्टरीणबाईंना कवळी द्यायची राहूनच गेली. त्या बाहेर आल्या, आम्हाला दोघांना बसलेलं पाहिलं, माझ्या मांडीवरची डबी हळूच उचलली आणि आत गेल्या. गुणगुणल्या पण नाहीत.

निघताना मी म्हटलं, "उद्या मी येऊ बरोबर?" तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

१२ मार्च

गेलो. नंबर ३१. पुकारला. तो बसून राहिला. मीही बसून राहिलो. डबा दोघांनी मिळून खाल्ला आणि घरी आलो.

१३ मार्च

नंबर ४४. बसून राहिला. घाई करायची नाही असं मीच मला बजावत होतो.

घरी आल्यावर सूनबाईला फोन केला. विहीणबाईंनी उचलला, त्यांना म्हटलं, "मला तिची माफी मागायचीय, देता का जरा?" एवढ्या लगबगीने त्यांनी आजवर कधी फोन दिला नव्हता. तिला सगळं सांगितलं. तिच्या माथी मारले होते ते शब्द परत घेतले. ती फोनवर रडली. मी पण. मग म्हटलं, "यंत्र तू घेऊन जा. मला आता सकाळचा वेळ होत नाही. ती सकाळ त्याची आहे."

"बाबा, तुम्ही एवढी मेहनत..."

"तुझंच होतं ते. मी आपला दुसऱ्याच कशासाठी तरी ते धरून बसलो होतो."

हे बोलून गेल्यावर माझं मलाच कळलं, कशासाठी ते.

१६ मार्च

आज ३९ नंबर. पाटीवर लाल ३९ उमटला, खिडकीतून हाक आली. तो खुर्चीच्या दांड्याला धरून बसलेला. बोटं पांढरी पडली होती. मला राहवलं नाही. मी उठलो, खिडकीपाशी गेलो आणि त्या माणसाला म्हटलं, "आहे हो एकोणचाळीस. एक मिनिट द्या त्याला."

तो माणूस वैतागला असेल म्हणून मी कसनुसं हसलो. तो म्हणाला, "दोन घ्या."

मागे वळलो तर पोरगा उभा होता. माझ्याकडे न बघता जिना चढून वर गेला. मी खाली पाऊण तास बसलो. हातात त्याची पिशवी. आयुष्यात एवढा लांबलेला पाऊण तास दुसरा आठवत नाही.

खाली आला, हातात औषधाची चिठ्ठी. डॉक्टर बाई आहेत, म्हणाला. फार बोलत नाहीत, थांबतात. औषधाचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. दर आठवड्याला यायचं, आता नंबर नको, वेळ ठरवून देतील.

२३ मार्च

सूनबाई यंत्र न्यायला आली. या वेळी खरं सांगून बोलावलं, तो घरी आहे म्हणून.

खोकं त्यानेच भरलं. वायरी गुंडाळून, चेंडू जुन्या टॉवेलात. मी आत चहा ठेवायला गेलो आणि मुद्दामच उशीर केला. भिंत पातळ आहे, कानावर आलं ते लिहितो.

तो म्हणाला, "तू विचारायचीस तेव्हा मी बोलायला हवं होतं."

ती म्हणाली, "हो. हवं होतं."

"मला येत नव्हतं."

"आता कळलं मला. तेव्हा नाही कळलं. मी फार दमले होते रे."

"माहितीय."

मी चहा घेऊन गेलो तेव्हा दोघांचे डोळे ओले होते, पण चेहरे निवळलेले. मला एकदम कळून चुकलं की ही परत येणार नाही. आणि आता या घरात कुणाला तिचा रागही राहिला नाही. वाईट वाटलं. पण ते वाईट वाटणं सोसण्यासारखं होतं.

खोकं जिन्यावरून त्यानेच खाली नेलं. ती वाकून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मी फोन करेन, बाबा. मला तुमच्याशी बोलायला आवडतं. सून असण्याशी त्याचा संबंध नाही." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

३० मार्च

आज प्रदर्शन आणि आजच त्याची तिसरी वेळ, दोन्ही अकराची. सूनबाईने आधीच विचारलं होतं, येणार का. मी म्हटलं, नाही गं, तू तिथून सांग, मी इथून मोजतो.

इस्पितळात लवकर पोचलो. त्याच खुर्च्या. मी पाटीवरचे आकडे बघत होतो, तो आपणहून बोलायला लागला. मी काही विचारलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा सकाळपासून त्याने सुरुवात केली. ऑफिसच्या गेटपाशी पोचायचा आणि आत जायच्या आधी अर्धा अर्धा तास बाहेर उभा राहायचा, तिथपासून. वाक्यं तुटत होती, पण थांबत नव्हता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. खिशात हात घातला. सूनबाई. अकरा वाजून पाच मिनिटं. बुटकोबा चेंडूवर चढला असणार किंवा पडला असणार.

"उचला ना," तो म्हणाला. "तिचा असेल."

"असू दे. तू पुढे सांग."

फोन वाजून वाजून थांबला. तो सांगत राहिला. मग त्याचं नाव पुकारलं. उठला, दोन पावलं गेला, वळला.

"तुम्ही आत येता?"

गेलो. आत काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. ते त्याचं आहे.

बाहेर आल्यावर सूनबाईला फोन लावला. तिने उचलताच पोरानेच माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "किती वेळ?" ती इतक्या जोरात ओरडली की मला लांबूनसुद्धा ऐकू आलं. अकरा मिनिटं! तीही बॅटरी संपली म्हणून, पडला नाही. लोक रांग लावून बघत होते म्हणे. रुळांना काय लावलंय ते सगळे विचारत होते, आणि तिने छाती फुगवून सांगितलं की कवळीचं अस्तर, आमच्या बाबांचं.

तो हसला. मोठ्याने नाही, पण दात दिसले.

पुढची वेळ गुरुवारची आहे. घरी येताना म्हणाला, "या वेळी एकटा जाऊन बघतो." मी "बरं" म्हटलं. आमच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबून म्हणाला, "म्हणजे आत एकटा जाईन. तुम्ही बाहेर बसा."

बसेन की.